उतारावरच्या गाठी

गुडुलाला बगळ्यांची फार हौस आहे, असं तिच्या सायकल सहलीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वाटायचं. वाटणारच. दर गुरुवारी पलीकडच्या काठावर ड्रीशबाख गाव दिसायला लागलं की ही बाई एका वाळुंजाच्या झाडाखाली सगळा ताफा थांबवायची, गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "पाणी पिऊन घ्या. मी जरा बगळे बघते." आता बगळे असतात पाण्यात, आणि हिची दुर्बीण पाण्याच्या बरीच वर, समोरच्या द्राक्षमळ्याच्या चढणीवर. एकदा एका खवचट म्हातारीनं विचारलंच, "काय हो, तुमच्याकडचे बगळे डोंगरावर अंडी घालतात का?" गुडुला म्हणाली, "आमच्याकडे सगळेच जरा उलट्या डोक्याचे आहेत."

ते मात्र खरं होतं. चढणीवर बगळा नव्हता, भाऊ होता. सेवेरिन. सख्खा, चार वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा. आणि ह्या दोघांत गेली अकरा वर्षं एक शब्द नव्हता.

सहल असायची आठवडाभराची, ट्रीअरपासून कोब्लेंझपर्यंत. दिवसा पाहुण्यांनी मोझेल नदीच्या काठाकाठानं सायकली हाकायच्या, संध्याकाळी पुढच्या गावच्या धक्क्यावर बार्ज, म्हणजे लांबट सपाट बोट, त्यांची वाट बघत उभी. ह्याच बार्जनं एकेकाळी कोळसा वाहिला. आता ती बावीस पाहुणे, त्यांचं सामान आणि रोज पिऊन संपणारी वाइन वाहते. पुढच्या आठवड्यात तीच वाट उलटी. ड्रीशबाख मधोमध, त्यामुळे जाताना असो की येताना, गुरुवार कधी चुकायचा नाही. गुडुला हे काम एकोणीस वर्षं करत होती. वय एकसष्ट, पण चढावर तिशीतल्या पाहुण्यांना घाम फोडायची.

पूर्वी ती ह्या ताफ्याला घेऊन थेट सेवेरिनच्या अंगणात जायची. तो फाटक उघडायचा, बाकं पुसायचा, वाइनचे जग भरायचा आणि कोपऱ्यात उभा राहायचा. बोलायचं काम गुडुलाचं. पाहुण्यांना सगळ्यात नवल वाटायचं ते त्याच्या काडाचं. आमच्या खोऱ्यात चढण अशी की वर बादली हातातून सुटली तर खाली नदीतच सापडायची. त्यामुळे इथे मांडव नाहीत, प्रत्येक वेलीला तिचा तिचा खांब. उन्हाळ्यात फुटी, म्हणजे नव्या कोवळ्या फांद्या, वाढल्या की त्या गोळा करून खांबाला बांधाव्या लागतात, नाहीतर वारा त्या मोडतो आणि घडांना ऊन मिळत नाही. लोक आता हे बांधायचं काम तारेनं करतात, नाहीतर हिरव्या प्लास्टिकच्या पट्टीनं. सेवेरिन काडानं करायचा, बाप करायचा तसं. मळ्याच्या माथ्यावर तो मुद्दाम एक पट्टी राय नावाचं धान्य पेरायचा, विळ्यानं कापायचा, त्याचं लांब काड भिजवून ठेवायचा आणि एकेक काडी घेऊन गाठ मारायचा. दोन वेढे, एक पीळ, आणि टोक खाली खोचलेलं. आठ हजार वेली. सगळं गाव म्हणायचं, अरे बाबा, जग कुठे गेलं. तो म्हणायचा, जाऊ दे की, मी कुठे अडवलंय.

अकरा वर्षांपूर्वी असाच एक गुरुवार. कुणा पाहुण्यानं विचारलं, हे गृहस्थ एवढा खटाटोप का करतात? गुडुलाच्या पोटात दोन पेले होते आणि समोर हसायला तयार वीस माणसं. ती म्हणाली, "त्याला एकच गाठ बांधता आली नाही, लग्नाची. म्हणून बाकीच्या इतक्या निगुतीनं बांधतो."

पाहुणे खदखदून हसले. एकानं सेवेरिनचा फोटोसुद्धा काढला. त्यांना काय ठाऊक, की मार्लीस नावाची मुलगी लग्नाला बारा दिवस राहिले असताना त्याला सोडून गेली होती, आणि त्यानंतर त्या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. गुडुलाला ठाऊक होतं. शब्द तोंडातून गेल्या गेल्या तिला ते कळलंही होतं. सेवेरिननं हातातला जग बाकावर ठेवला, फाटक सताड उघडलं आणि म्हणाला, "मी तुझ्या जत्रेतलं अस्वल नाही. ने तुझी माणसं."

तिथे ती गप्प बसती तरी निभावलं असतं. पण पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं ना. ती म्हणाली, "बस मग आपल्या खांबांशी बोलत."

दुसऱ्या दिवशी ती माफी मागणार होती. मग म्हणाली, पुढच्या गुरुवारी. मग म्हणाली, त्यानं एक फोन तर करावा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्या घरात तर सुंभही जळायला तयार नव्हता. गुडुलानं सहलीची वाट पलीकडच्या काठावरून नेली आणि एक दुर्बीण विकत घेतली.

आणि खरं सांगायचं तर, दुर्बिणीतून तिला पुष्कळ कळायचं. मळा हीच भावाची ख्यालीखुशाली. फुटी वेळेवर बांधल्या, म्हणजे गडी ठणठणीत. खालच्या ओळी आधी झाल्या, म्हणजे गुडघा दुखतोय. चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी बघते तो सगळी चढण गोधडीसारखी. एका तुकड्यात तार चमकतेय, दुसऱ्यात हिरव्या पट्ट्या, तिसऱ्यात निळी सुतळी.  आमच्याकडे रीतच आहे, मळेवाला अंथरुणाला खिळला की शेजारी त्याच्या ओळी वाटून घेतात आणि ज्याच्या त्याच्या पद्धतीनं बांधून टाकतात. लांबून बघणाऱ्यालाही कळतं की ह्या घरात काही तरी झालंय. तिनं तेव्हा लोनीला फोन केला. लोनी म्हणजे सेवेरिनची शेजारीण, गुडुलाची शाळेतली मैत्रीण, उन्हाळ्यात घराच्या ओट्यावर वाइन विकते आणि बोलायला तिखट.

"हात मोडलाय," लोनी म्हणाली. "येणार आहेस का?"

"हातच ना? जुळेल."

"मग मला फोन करू नकोस. खबर हवी तर पूल ओलांडून ये आणि घेऊन जा. मी काही पोस्टमन नाही."

त्यानंतर तो फोनही बंद झाला. उरली दुर्बीण.

ह्या वर्षी जूनच्या पहिल्या गुरुवारी तिला माथ्यावरच्या ओळी मोकळ्या दिसल्या. ती म्हणाली, अजून वेळ आहे. दुसऱ्या गुरुवारी वरचे चार टप्पे मोकळे, फुटी खांबांवरून लोंबताहेत. तिसऱ्या गुरुवारी सहा टप्पे. एकूण टप्पे बारा, म्हणजे अर्धा मळा. एका वेलीची फूट वाऱ्यानं मोडून वाळली होती, ती तांबडी दिसत होती. आणि कुठे तार नाही, कुठे हिरवं नाही. शेजारी आले नव्हते. ह्याचा अर्थ एकच, की माणसाला चढवत नाहीये आणि तो कुणाला सांगत नाहीये. वाळुंजाखाली ती दहा मिनिटं उभी राहिली. पाहुण्यांचं पाणी पिऊन संपलं, कुणीतरी घंटी वाजवली, तेव्हा कुठे ती सायकलवर बसली.

त्या संध्याकाळी पाहुणे गावात फिरायला गेल्यावर ती बार्जच्या मागच्या फळ्यांवर जाऊन बसली. तिथे सीट्स दोर गुंडाळत होता. सीट्स बार्जचा तांडेल, डच माणूस, सपाट मुलखातला. त्याला आमच्या खोऱ्यातल्या लोकांची गंमत वाटायची.

"काय गं, आज बगळा मेला काय?" त्यानं विचारलं.

"सेवेरिन आजारी आहे."

"कुणी सांगितलं?"

"वेलींनी."

सीट्सनं दोर खाली ठेवला. अकरा वर्षांत ते नाव तिनं त्याच्याशी बोलताना चारदा घेतलं असेल. तो म्हणाला, "तुमच्या देशात डोंगर आहेत ना, म्हणून हे होतं. आमच्याकडे सगळं सपाट. भाऊ घरातून बाहेर पडला की दिसतो. रुसून बसायचं म्हटलं तरी कुठे बसणार?"

"चेष्टा नको रे. पुढच्या गुरुवारी ड्रीशबाखच्या धक्क्याला तासभर बार्ज लावशील? पाहुण्यांना मी पुलावरून घेऊन येते, तू त्यांना लोनीच्या ओट्यावर बसव. मी वर जाऊन येते."

"दोन तास लावतो," सीट्स म्हणाला. "अकरा वर्षांचं भांडण तासात कसं मिटायचं?"

ती अख्खा आठवडा वेगळीच होती. पाहुण्यांना पुलांची वर्षं चुकीची सांगत होती. वाटेत तिनं एका बेकरीतून खसखशीचा केक घेतला, सेवेरिनला लहानपणापासून आवडायचा तो. धुतलेला शर्ट पिशवीत ठेवला. काय बोलायचं ते पाठ केलं, मग ते फार लांब वाटलं म्हणून अर्धं गाळलं. शेवटी उरलं ते एवढंच: मी तेव्हा चुकले. तीन शब्द, पण रोज सायकलवर ते म्हणून बघताना ती दुसऱ्याच शब्दावर अडायची. भीती वाटत होती, आणि आता जायचंच म्हणून बरंही वाटत होतं.

गुरुवार उजाडला. वाळुंजाखाली तिनं दुर्बीण लावली आणि तिचा विश्वास बसेना. सगळी चढण बांधलेली. खालपासून माथ्यापर्यंत, बाराच्या बारा टप्पे. प्रत्येक खांबावर काडाचा पिवळा ठिपका. तिनं डावीकडून उजवीकडे एकेक ओळ तपासली. तार नाही. हिरवं नाही. निळं नाही. गोधडी नाहीच, सगळं एका हातचं. शेजाऱ्यांनी केलं असतं तर हे असं दिसलंच नसतं, हे तिला तिच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"बरा झाला," ती मोठ्यानं म्हणाली. पाहुण्यांना वाटलं, बगळा.

तिला आधी रडू आलं. मग हसू आलं. आणि मग, काय सांगायचं, राग आला. हा बेटा ठणठणीत आहे, आठवड्यात सहा टप्पे उरकतोय, आणि मी इथे केक घेऊन माफी घोकतेय. तिनं खिशातून फोन काढला आणि बार्जवर लावला.

"सीट्स, ड्रीशबाखला थांबू नकोस. सरळ पुढे चल."

"का? काय झालं?"

"बरा आहे तो. सगळा मळा बांधून झालाय."

"बऱ्या माणसाला भेटायची बंदी आहे का तुमच्यात?"

गुडुलानं गळ्यातली दुर्बीण काढून पिशवीत टाकली. मग खरं तेच बोलली. "बऱ्या माणसाकडे जायचं तर माफी मागावी लागते, सीट्स. आजाऱ्याकडे नुसता केक नेला तरी चालतो."

"मग माग की."

"ऑक्टोबरात जाईन. तोडणीला. तेव्हा हात कमी पडतात, का आलीस म्हणून कुणी विचारत नाही."

सीट्सनं फोन ठेवला. केक पाहुण्यांनी खाल्ला. चांगला होता म्हणाले. त्या संध्याकाळी गुडुला दोन पेले जास्त प्याली आणि तिनं पाहुण्यांना बापाच्या गोष्टी सांगितल्या. तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरल्याबद्दल स्वतःचा थोडा तिटकाराही आला होता, पण तो सकाळपर्यंत टिकला नाही.

जुलै असाच गेला. दर गुरुवारी मळा ठीक. फुटी वाढल्या, दुसऱ्यांदा बांधल्या गेल्या, पुन्हा काडानंच. आता ती दोनच मिनिटं थांबायची. ऑक्टोबरची तारीखही तिनं मनात धरली होती, शेवटची सहल संपल्यावरचा सोमवार.

ऑगस्टातल्या एका बुधवारी, दुपारच्या जेवणाला पाहुणे गवतावर बसले होते आणि ती त्यांना आलुबुखार वाटत होती, तेव्हा फोन वाजला. लोनीचं नाव बघून ती बाजूला गेली.

"सेवेरिन गेला," लोनी म्हणाली. "आज सकाळी सातला."

"कुठे गेला?" गुडुलानं विचारलं. आणि विचारता विचारताच तिला कळलं.

आलुबुखाराची पिशवी तिच्या हातातच राहिली होती. ती तिनं एका पाहुण्याकडे दिली. हा हानोवरचा एक निवृत्त मास्तर, सहलीतला सगळ्यात शिस्तीचा माणूस, रोज रात्री नकाशाची घडी नीट घालून ठेवणारा. ती म्हणाली, "मास्तर, माझा भाऊ वारला. मला जायला हवं. आज आणि उद्या सगळ्यांना तुम्ही न्याल का? नदी डाव्या हाताला ठेवायची, बस. बार्ज दिसली की थांबायचं."

मास्तर उठून उभे राहिले. "तुम्ही जा, बाई," ते म्हणाले. "आम्ही चुकणार नाही."

अठरा किलोमीटर तिनं कसे कापले तिलाच ठाऊक. पूल ओलांडला आणि अकरा वर्षांनी ती ड्रीशबाखच्या रस्त्याला लागली. फाटक उघडंच होतं. बाकं भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यांवर धूळ. लोनी स्वयंपाकघरात उभी होती, हात पुसत. तिनं मिठी मारली नाही, नुसतं जिन्याकडे बोट केलं.

वरच्या खोलीत सेवेरिन पलंगावर होता. त्याला आंघोळ घालून चर्चला जायचा कोट चढवला होता. तो कोट त्याला दोन मापं मोठा झाला होता. हातांवरची कातडी बोटांना चिकटलेली, पण नखांतली काळी माती मात्र गेली नव्हती, ती आमच्या पाटीच्या दगडाची माती कधीच जात नाही. गुडुलानं त्याच्या हातावर हात ठेवला. तो गार लागला. "मी तेव्हा चुकले," ती म्हणाली. पाठ केलेलं तेवढंच होतं. आता ते ऐकायला कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की पलंग भिंतीशी नाही, खिडकीशी आहे. आईच्या वेळेपासून तो भिंतीशी असायचा. तिनं खिडकीतून पाहिलं. खाली नदी, पलीकडे सायकलींची वाट, आणि बरोब्बर समोर ते वाळुंजाचं झाड.

लोनी दारात येऊन उभी होती. "जूनमध्ये सरकवला आम्ही," ती म्हणाली. "छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरनं महिने सांगितले, तेही थोडे. त्यानं पलंग इथे मागितला."

"जूनमध्ये?" गुडुला म्हणाली. "कसं शक्य आहे? जूनच्या शेवटी तर त्यानं सगळा मळा बांधला. मी बघितलं. काडानं. एकच हात होता, लोनी. मी ओळ न् ओळ बघितली."

"आम्ही बांधला."

"तुम्ही काडानं कशाला बांधाल?"

लोनी खुर्चीवर बसली. ती थकलेली दिसत होती, आणि चिडलेलीसुद्धा. "शेवटी शेजारच्या मळ्यातल्या एवाल्डला कळलं, तेव्हा आम्ही अकरा घरं जमलो. एवाल्डनं तारेची गुंडाळी आणली होती. तर हा पलंगावरून म्हणतो, तार नको. पट्टी नको. काडानं बांधा, माझ्यासारखं. आम्ही म्हटलं, अरे बाबा, मरतोयस आणि तुझी हौस काय. तर म्हणाला, ती गुरुवारी अकरा वाजता त्या झाडाखाली थांबते. मळ्यावर तार दिसली की तिला कळेल."

गुडुला पलंगाच्या कडेवर बसली.

"मग सगळ्यांना इथे बसवून त्यानं गाठ शिकवली," लोनी म्हणाली. "ह्या पलंगाभोवती. एवाल्ड, मी, माझी सून, चर्चचा घंटा वाजवणारा म्हातारा, सगळे हातात काडी घेऊन. चुकलं की सोडून परत मारायला लावायचा. दोन वेढे, पीळ, टोक खाली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे चढणीवर. तीन दिवस लागले. गुरुवारच्या आत झालं पाहिजे, हा एकच धोशा."

"मला का कळू द्यायचं नव्हतं?" गुडुलानं विचारलं. "मी आले असते. मी केक घेऊन निघाले होते, लोनी. त्याच गुरुवारी निघाले होते. मळा बघितला आणि मागे फिरले."

 लोनीच्या चेहऱ्यावरची चीड गेली आणि जे आलं ते त्याहून वाईट होतं.

"मी विचारलं होतं त्याला," ती म्हणाली. "तो म्हणाला, आजारी आहे म्हणून आली तर ती कीव. मी मरतोय म्हणून नको. मी बरा आहे असं समजून आली, तर ती माझी बहीण. आम्हाला शपथ घातली. मी फोन करायला हवा होता गं. तोडायला हवी होती ती शपथ. पण मीही तुझ्यावर रागावलेली, म्हटलं, येऊ दे तिला आपल्या पायांनी."

खाली कुणाच्या तरी बुटांचा आवाज झाला, कुणीतरी फुलं ठेवून गेलं.

"दर गुरुवारी बघायचा," लोनी म्हणाली. "पिवळं जाकीट, सगळ्यांत पुढे. थांबली, म्हणायचा. घड्याळ लावायचा. मळा मोकळा होता तेव्हा तू दहा मिनिटं थांबलीस, ते त्यानं मला दोनदा सांगितलं. नंतर दोनच मिनिटं थांबायला लागलीस. तो म्हणाला, आता तिची काळजी मिटली, आता येईल. प्रत्येक गुरुवारी जेवणाला दोन ताटं मांडायला लावायचा."

गुडुला रडली. लोकांसमोर न रडणारी बाई ती, पण त्या दिवशी तिनं कुणाची पर्वा केली नाही. लोनी बाजूला बसून राहिली. पाच वाजता शवपेटीवाले आले आणि सेवेरिनला चर्चशेजारच्या खोलीत घेऊन गेले. पुरायचं शनिवारी ठरलं.

गुरुवारी सकाळी लोनी बादलीत भिजवलेलं काड घेऊन फाटकाशी उभी राहिली. "मंगळवारच्या वादळात माथ्यावरची ओळ सुटलीय," ती म्हणाली. "त्याला पुरायच्या आधी बांधून टाकू म्हणून एवाल्ड म्हणत होता. तू येतेस?"

दोघी पायऱ्या चढून वर गेल्या. बाराव्या टप्प्यापर्यंत गुडुला दोनदा थांबली, दम लागला म्हणून नव्हे. जवळून बघत होती. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. जवळून एकही ओळ दुसरीसारखी नव्हती. एवाल्डच्या गाठी दांडग्या आणि आवळलेल्या. सुनेच्या नाजूक. घंटावाल्या म्हाताऱ्याचे हात कापतात, त्यानं प्रत्येक गाठीला तीन तीन काड्या लावल्या होत्या. अकरा घरांचे हात अकरा तऱ्हेचे, लपवायचा प्रयत्न करून न लपलेले. पण नदीच्या पलीकडून रंग तेवढा दिसतो, पिवळा.

माथ्यावर गुडुलानं एक वेल कवळली, फुटी खांबाशी धरल्या आणि काडी गुंडाळली. गाठ सुटली. तिनं पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा काडीच तुटली.

लोनी शेजारच्या वेलीवरून बघत होती. "अगं, तू ह्या घरातली," ती म्हणाली. "तुला येत नाही?"

"मी कधी शिकलेच नाही," गुडुला म्हणाली. "मी हसायचे ना."

खाली गावात अकराचे ठोके पडायला लागले. पलीकडच्या काठावर सायकलींची रांग आली आणि वाळुंजाखाली थांबली. सगळ्यांत पुढे मास्तर. बाई रोज जे सांगतील ते ऐकणारा माणूस. सहलीच्या कागदावर ह्या जागी थांबा लिहिलेला होता, म्हणून थांबला. पाहुण्यांनी बाटल्या काढल्या. मास्तरांनी कपाळावर हात धरून चढणीकडे पाहिलं. तिथून सगळा मळा बांधलेला, सगळं ठीकच दिसत असणार. मिनिटभरानं ते निघून गेले.

गुडुलानं बादलीतून दुसरी काडी उचलली.

"लोनी," ती म्हणाली, "मला दाखव. अगदी पहिल्यापासून."

लोनी तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले. "दोन वेढे," ती म्हणाली. "घाई करू नकोस. तो म्हणायचा, घाई केली की सुटते."